माझ्या आयईसीवर कुणीतरी खेळणी आणली

तासगावजवळ आमचं बेदाण्याचं शेड आहे. स्वतःच्या बागेचा माल असतो, शेजारपाजारचा थोडा घेतो, म्हणून जीएसटी नंबर आधीपासून होता. दरवर्षी सौद्यात माल घालायचा आणि पडेल तो दर घ्यायचा, याचा कंटाळा आला होता. २०२३ च्या उन्हाळ्यात सांगलीच्या एका हॉटेलात निर्यातीचं मोफत मार्गदर्शन होतं, तिथे गेलो. बोलणारा माणूस तिशीतला, गोड जिभेचा. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाला, "दादा, तुम्ही फक्त माल चांगला द्या, कागदांचं सगळं माझ्यावर सोडा."

चाळीस हजारांत "संपूर्ण पॅकेज" ठरलं: आयईसी, बाकीच्या नोंदण्या आणि दुबईचा ग्राहक. परदेशाशी माल घेण्या-देण्यासाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक लागतो, एवढंच मला माहीत होतं. तो डीजीएफटी, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या निघतो, त्याची फी पाचशे रुपये आहे आणि जीएसटी आल्यापासून आपला पॅन हाच तो क्रमांक असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

त्याने पॅन, आधार आणि रद्द केलेला चेक नेला. मोबाईलवर ओटीपी आले, ते मी फोनवरून वाचून दाखवले. आणि शेवटी पाच कोरी लेटरहेडं, खाली सही-शिक्का मारून. "मुंबईला कागद कमी पडला तर तुम्हाला हेलपाटा नको," म्हणाला. शेडमध्येच बेदाण्याच्या बॉक्सवर कागद ठेवून मी शिक्के मारले. खालचा पुठ्ठा खडबडीत होता, त्यामुळे शिक्क्याचा डावा कोपरा नीट उमटला नाही.

दहा किलो नमुना गेला. ग्राहकाचं उत्तर आलंच नाही. दोन महिन्यांनी या पॅकेजवाल्याचा फोनही लागेना. चाळीस हजार बुडाले असं समजून मी गप्प बसलो. घरच्यांना काय सांगायचं, गावात काय तोंड दाखवायचं, म्हणून पोलिसांतही गेलो नाही. माझी सर्वांत मोठी चूक हीच. त्याला माझ्या चाळीस हजारांत फारसा रस नव्हता. त्याला स्वच्छ नावाची, कधीच आयात न केलेली एक पेढी हवी होती.

पुढच्या वर्षी आमच्या सीएचा फोन आला. "काका, तुम्ही परदेशातून काही मागवलंत का?" जीएसटीच्या संकेतस्थळावर आपल्या खरेदीचं २बी नावाचं विवरण आपोआप तयार होतं, त्यात आयातीचा एक वेगळा भाग असतो. कस्टम्सकडे आपल्या नावाने बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र भरलं गेलं की ते आपोआप तिथे दिसतं. आमच्या २बीत न्हावा शेवा बंदराच्या तीन नोंदी होत्या. मी तर त्या बंदरात पाऊलही ठेवलं नव्हतं.

आम्ही चौकशी करतोय तोवर कस्टम्सचं समन्स हातात पडलं. कागदावर प्लॅस्टिकच्या घरगुती वस्तू आणि तिसरा कंटेनर उघडला तर आत खेळणी. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची गुणवत्तेची खूण सक्तीची आहे आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यांवरचं सीमाशुल्क साठावरून सत्तर टक्क्यांवर गेलं. दोन्ही चुकवायचं तर दुसऱ्याच्या नावासारखी सोय नाही.

सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०८ खाली जबाब झाला. हा जबाब पुरावा म्हणून वापरला जातो, त्यामुळे जाण्याआधी वकिलाला भेटलो, ते बरं झालं. अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर तीन लेटरहेडं ठेवली. वर इंग्रजीत टाइप केलेलं, की अमुक कस्टम्स ब्रोकरला, म्हणजे आयातदाराच्या वतीने माल सोडवणाऱ्या दलालाला, मी अधिकार देतो. खाली माझी सही. डावा कोपरा न उमटलेला माझाच शिक्का. काय बोलू मी?

बिल ऑफ एंट्रीवर ज्याचं नाव, त्याच्याच दारात कस्टम्स खातं शुल्क आणि दंडासाठी येतं. ब्रोकरांच्या २०१८ च्या नियमांत ग्राहकाची ओळख, आयईसी, जीएसटी नंबर तपासायचे आणि तो दिलेल्या पत्त्यावर खरंच व्यवसाय करतो का हेही पाहायचं बंधन आहे. माझ्याकडे कुणी आलं नव्हतं, फोनही नव्हता. वकील तोच मुद्दा लढवताहेत.

ज्यांनी अशा शिबिरांत कागद दिले असतील, त्यांनी आजच २बी उघडून आयातीचा भाग पाहा. ते दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. डीजीएफटीच्या खात्यात मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे तेही बघा. माझ्या खात्यात दोन्ही त्याचेच निघाले, म्हणून एकही निरोप मला आला नाही. आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावी लागते, बदल नसला तरी. ते स्वतः बसून करा. आमच्याच भागात एकाला कंटेनरमागे दहा हजार देऊन "फक्त आयईसी वापरू द्या" म्हणणारेही भेटले होते. त्याला मी माझं समन्स दाखवलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे, शिक्का बदलला, लेटरहेडही बदललं. पाचपैकी तीन लेटरहेडं कस्टम्सच्या फायलीत आहेत. उरलेली दोन कुठे आहेत, ते अजून कळलेलं नाही.