दहा मिनिटांच्या शांततेसाठी: बुधवारच्या लेंट उपासनेविषयी

यंदा लेंटचा, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाचा व पश्चात्तापाचा, काळ ५ मार्च २०२५ रोजी राखेच्या बुधवारी सुरू झाला आणि २० एप्रिलच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी संपला. दिनदर्शिकेवर हे दिवस ४६ भरतात. त्यांतील ६ रविवार पुनरुत्थानाचे म्हणून उपवासात धरले जात नाहीत, त्यामुळे ४० उरतात. या संपूर्ण काळात छत्रपती संभाजीनगरमधील चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एका जुन्या मंडळीत दर बुधवारच्या सायंउपासनेला आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातील सर्व उपासनांना मी उपस्थित राहिले. मंडळीचे नाव देत नाही, कारण काही उणिवाही लिहायच्या आहेत आणि त्या कोणा एका व्यक्तीच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही.

माझे बालपण जालन्यात गेले. तेथील ख्रिस्ती समाजाची मुळे स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनमध्ये आणि रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या वस्तीत आहेत. त्या परंपरेत वचनवाचन, उपदेश आणि गायन यांना मोठा मान होता. कपाळाला राख लावणे, वेदीवर जांभळे वस्त्र घालणे या गोष्टी आमच्या घरी परक्या होत्या. आजी या दिवसांत शुक्रवारी एकच वेळ जेवत असे, परंतु त्याविषयी कधी अवाक्षर काढत नसे. औरंगाबादेत मात्र चर्च मिशनरी सोसायटीच्या कामामुळे अँग्लिकन वळण रुजले होते, म्हणजे बिशपच्या देखरेखीखालील चर्च, छापील उपासनाक्रम आणि सणवार व उपवासांचे वर्षभराचे ठरलेले पंचांग. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्थांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि बिशपपद सर्वांनी स्वीकारले. म्हणून आज एकाच बाकावर माझ्यासारखी जालन्याची बाई आणि तीन पिढ्यांपासून राख लावून घेत आलेले कुटुंब शेजारी शेजारी बसते.

ही राख कशी होते, ते यंदा प्रथमच मी जवळून पाहिले. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वाटलेले शिंदीच्या पात्यांचे लहान क्रूस लोक वर्षभर घरी जपून ठेवतात आणि राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी परत आणून देतात. मंगळवारी सायंकाळी चर्चच्या मागील अंगणात एका लोखंडी घमेल्यात ते जाळण्यात आले. वाळलेली शिंदी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. टोपलीभर क्रुसांची राख जेमतेम ओंजळभर निघाली. चर्चची देखभाल करणाऱ्या मावशींनी ती मलमलच्या फडक्यातून चाळली, न जळालेले देठ बाजूला काढले आणि वाटीत दोन थेंब गोडेतेल सोडून बोटाने कालवली. कोरडी राख डोळ्यांत उडते आणि पाण्यात कालवलेली नाकावर ओघळते, म्हणून तेल, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी पश्चात्तापाचे स्तोत्र ५१ म्हणून झाल्यावर पाळकसाहेबांनी प्रत्येकाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि माणूस मातीचा आहे व मातीलाच मिळणार आहे, हे वचन ज्याला त्याला वेगळे, नाव घेऊन सांगितले. माझ्यापुढे एक तरुण आई दहा महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन उभी होती. त्या कोवळ्या कपाळाशी पाळकसाहेबांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी तेच शब्द त्या बाळालाही, त्याचे नाव घेऊन, सांगितले. आईने मान खाली घातली. लहानपणापासून ऐकलेले ते वचन त्या दिवशी मला प्रथम ऐकू आले, असे म्हणावे लागेल.

बुधवारची उपासना सायंकाळी सव्वासहाला सुरू होते आणि सुमारे एक तास चालते. आरंभी एक गीत, मग पापांगीकार, एक स्तोत्र, एक वाचन, आणि त्यानंतर दहा मिनिटे पूर्ण शांतता. पेटी बंद, माइक बंद, पंखेसुद्धा बंद. पहिल्या आठवड्यात ही दहा मिनिटे फार जड गेली. कोणी खाकरत होते, कोणाचा फोन वाजला, आणि मी स्वतः घरी भिजत घातलेल्या हरभऱ्याचा विचार करत बसले होते. तिसऱ्या बुधवारपासून मात्र त्या शांततेला खोली येऊ लागली. यंदा रमजानचा महिना लेंटच्या तीन दिवस आधीच सुरू झाला होता आणि मार्चमध्ये आपल्याकडे सूर्यास्त साधारण पावणेसातच्या आत होतो. त्यामुळे आमच्या शांततेच्या मधोमध जवळच्या मशिदीतून मगरिबची अजान ऐकू येई आणि बाहेर रोजा सोडण्याची लगबग सुरू झाल्याचे कळे. कोणीही खिडकी लावून घेतली नाही. अजान संपल्यावर पुन्हा शांतता पसरे, ती आधीच्यापेक्षा गडद असे. आपण एकटे उपाशी नाही, हे शेजारच्या गल्लीतून कळणे मला फार मोलाचे वाटले. या उपासनेविषयी एकच गोष्ट सांगायची झाली, तर ती या दहा मिनिटांविषयी सांगेन. ज्या ज्या ठिकाणी मंडळीने बोलणे आवरले, तेथे लेंट माझ्यापर्यंत पोहोचला. जेथे शब्दांची भर पडत गेली, तेथे तो हातून निसटला.

याला एक अपवाद झाला, तो मार्चच्या तिसऱ्या बुधवारी. त्या दिवशी लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दाखला वाचला गेला. तीन वर्षे फळ न देणारे झाड मालक तोडायला सांगतो आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो, भोवती खणून खत घालीन म्हणतो. पाळकसाहेबांनी ग्रीक शब्दांचा अर्थ सांगण्याऐवजी जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागांची आठवण काढली. २०१२-१३ च्या दुष्काळात या बागा उभ्या वाळल्या आणि वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना स्वतःच्या हातांनी तोडावी लागली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या दाखल्यातील मालक निष्ठुर वाटत नाही. नापीक झाड जमिनीतले पाणीही पिते, आणि पाणी नसेल तेव्हा हा हिशेब खरा असतो. एवढे बोलून त्यांनी मागच्या बाकावरील एका वृद्ध शेतकऱ्याकडे पाहिले. ते उठले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "कुऱ्हाड घेऊन गेलतो, पण झाडाला हात लावायला जीव धजंना. टँकर घेतला. निम्मी झाडं जगली, निम्मी गेली." इतकेच बोलून ते खाली बसले. पाळकसाहेबांनी त्यावर काहीही जोडले नाही. माळ्याने मागितलेले ते एक वर्ष पुढे कसे गेले, हे शुभवर्तमानही सांगत नाही. तो अर्धवट राहिलेला शेवट त्या वृद्धाच्या निम्म्या झाडांमुळे मला प्रथमच ओळखीचा वाटला, आणि उपदेश असा असावा असे मनापासून वाटले.

इतर बुधवारी उपदेश लांबले. पाहुण्या वक्त्यांपैकी दोघांनी पस्तीस मिनिटांहून अधिक वेळ घेतला आणि त्यांच्यासाठी शांतता कापून चार मिनिटांवर आणली गेली. माइकचा आवाज त्या दगडी भिंतींच्या मानाने फारच मोठा असतो; पुढच्या बाकांवर शब्द आदळतात आणि मागच्या बाकांवर केवळ घुमणे ऐकू येते. मंडळीने वीस रुपयांत दिलेल्या रोजच्या मनन पुस्तिकेचा उपक्रम चांगला आहे, परंतु तिची भाषा ओढूनताणून केलेल्या भाषांतराची आहे. थंडीतून वसंताकडे जाणाऱ्या बागेचे वर्णन त्यात तीन ठिकाणी आले होते. आपल्याकडे लेंट म्हणजे पानगळ, पळसाची फुले आणि आटत चाललेल्या विहिरी. ज्या मंडळीत मोसंबीवर असे बोलले जाते, तिला आपल्या मातीतील पुस्तिका लिहिता येणार नाही असे मी मानत नाही. गाण्यांच्या बाबतीत मात्र ही उणीव नव्हती. या काळात हालेलूया हा स्तुतीचा घोष म्हटला जात नाही, गौरवगीतही बाजूला ठेवले जाते. त्या जागी रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची भजने टाळ-तबल्यावर संथ लयीत म्हटली गेली, आणि वारकरी चालीशी त्यांचे नाते त्या लयीत स्पष्ट ऐकू येत होते.

उपवासाविषयीची शिकवण मला या मंडळीतील सर्वांत भक्कम गोष्ट वाटली. मराठी घरात उपवास म्हटला की साबुदाणा आणि भगर डोळ्यांपुढे येते, आणि आपल्या लोकांतही मांस सोडले की झाले अशी समजूत आहे. येथे बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय हाती घेऊन असे सांगितले गेले की वाचवलेल्या जेवणाचे पैसे बाजूला काढल्याखेरीज तो उपवास पुरा होत नाही. प्रत्येक कुटुंबाला एक साधा लिफाफा दिला होता आणि त्यातून जमलेल्या रकमेतून फाटकाबाहेर पाणपोई उभी राहिली. तीन रांजण वाळूवर बसवलेले, त्यांना ओले पोते गुंडाळलेले, वर झाकणे आणि लांब दांड्याची पितळी ओगराळी. सकाळी साडेसहाला रांजण भरण्याची पाळी एकेका घराकडे होती. नाथषष्ठीच्या आधीच्या दिवसांत पैठणला निघालेल्या एका दिंडीतील माणसे तेथे थांबली, तेव्हा पाळी माझी होती. एका आजींनी पाणी पिऊन झाल्यावर ओगराळी उपडी ठेवली, रांजणाला हात लावून कपाळाशी नेला आणि "माय, गार हाय गं पाणी" असे म्हणून त्या पुढे निघाल्या.

घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. शुक्रवारी एकेका घरी मंडळी जमते, आजारी माणसांसाठी प्रार्थना होते, आणि ही प्रथा खरोखरच लोकांना धरून ठेवणारी आहे. परंतु प्रार्थनेनंतरचा अल्पोपाहार दरवर्षी वाढत चालला आहे. एका घरी भजी झाली की पुढच्या घरी भज्यांबरोबर गोडही होते. रोजंदारीवर जाणाऱ्या एका ताईंनी मला हळूच सांगितले की, "सभा आमच्या घरी घ्यावी असं लई वाटतं, पण पन्नास माणसांचा चहा-फराळ कसा करावा?" उपवासाच्या काळात खाण्याच्या खर्चामुळे कोणाचे दार बंद राहावे, ही गोष्ट मला अतिशय लागली. केवळ पाणी देण्याचा नियम मंडळीच्या पंच कमिटीने केला, तर त्या ताईंच्या घरी पहिली सभा व्हावी.

३० मार्चला आलेला लेंटचा चौथा रविवार हा परंपरेने थोड्या विसाव्याचा रविवार असतो; यंदा त्याच दिवशी गुढीपाडवा आला आणि दुसऱ्या दिवशी रमजान ईद झाली. त्या रविवारी वेदीजवळ फुले ठेवली होती आणि मुलांना साखरेच्या गाठ्या वाटल्या गेल्या. मुलांसाठी एरवी काहीही वेगळे नव्हते, हीदेखील एक उणीव. बुधवारी ती आईच्या मांडीवर पेंगत बसत.

पवित्र आठवड्यातील सोमवार १४ एप्रिलला आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत मंडळीतील अनेक घरे सहभागी असतात, म्हणून त्या दिवशीची उपासना सकाळी सातला ठेवली आणि पाणपोईचे रांजण दिवसभरात चार वेळा भरले गेले. वेळ बदलण्यात दाखवलेली ही समज मला आवडली. गुरुवारी प्रभुभोजनापूर्वी, येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पाय धुण्याचा विधी झाला. बारा जणांत एक आशा आरोग्यसेविका, एक सफाई कामगार, दोन शाळकरी मुली आणि मोसंबीवाले ते वृद्ध शेतकरी होते. त्यांच्या टाचांच्या भेगांत काळी माती इतकी मुरलेली होती की पाळकसाहेबांनी दोनदा पाणी ओतले, अंगठ्याने हळूहळू चोळले, आणि तरीही ती पूर्ण निघाली नाही. वृद्ध संकोचून पाय मागे घेत होते. पाळकसाहेबांनी पाऊल तसेच धरून ठेवले आणि पंच्याने कोरडे केले. नंतर वेदीवरील वस्त्रे, मेणबत्त्या, क्रूस सर्व एकेक करून उचलून नेण्यात आले आणि लोक न बोलता घरी गेले.

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची), येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांची उपासना दुपारी बारा ते तीन अशी ठरलेली होती. सात वक्ते बोलले आणि उपासना पावणेचारला संपली. एप्रिलच्या उन्हात, मध्येच वीज गेलेली असताना, एका वृद्ध बाईंना भोवळ आली. सुदैवाने त्या लवकर सावरल्या. प्रत्येक उद्गारानंतर छापील क्रमात शांततेचा उल्लेख होता, तो एकदाही पाळला गेला नाही. आदल्या रात्री रित्या वेदीने जे सांगितले होते, ते या पावणेचार तासांत मला पुन्हा सापडले नाही. ईस्टरच्या पहाटेची उपासना अंगणात, उजाडताना झाली. ती छोटी आणि नेटकी होती.

कोणाला यावेसे वाटल्यास बुधवारी यावे, सव्वासहाच्या दहा मिनिटे आधी, आणि डावीकडील मधल्या बाकांवर बसावे. तेथे माइकचा त्रास कमी होतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या आहेत, मात्र फाटकापासूनच्या पाच पायऱ्यांना कठडा नाही. दुसऱ्या मंडळीतून किंवा दुसऱ्या धर्मातून आलेल्याला कोणी प्रश्न विचारत नाही. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि क्रूस परत देण्याचा आधीचा रविवार १५ तारखेला येतो. माझा यंदाचा क्रूस मी स्वयंपाकघराच्या चौकटीत खोचून ठेवला आहे. अजून त्याचा हिरवेपणा पूर्ण गेलेला नाही.