बिडाचा छोटा तवा आणि एकट्यापुरते ऑम्लेट: आठ महिन्यांनंतर

मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पुण्यात रविवार पेठेतल्या एका दुकानातून मी 8 इंची बिडाचा तवा घेतला. सकाळी कामावर निघण्यापूर्वी दोन अंड्यांचे, भरपूर भाज्या घातलेले ऑम्लेट चमचाभर तेलात करता यावे, एवढीच अपेक्षा होती. घरातल्या नॉनस्टिक पॅनचा थर खरवडला गेला होता आणि दर दीड-दोन वर्षांनी नवा पॅन आणण्याचा मला कंटाळा आला होता.

पहिला महिना मनस्तापाचा गेला. ऑम्लेट असे चिकटे की कालथ्याने सोडवलेले तुकडे भुर्जी म्हणूनच खावे लागत. त्यात एकदा ओला तवा रात्रभर ओट्यावर राहिला आणि सकाळी त्यावर तांबूस गंज चढला. फोनवर आई म्हणाली, “अगं, घावनाचा तवा काय एका दिवसात तयार होतो? अर्धा कांदा तेलात बुडवून फिरव आणि आधी थोडे दिवस धिरडी घाल.” तेलाचा पातळ थर तापून बिडावर घट्ट बसतो आणि असे थर साचत गेले की अंडे सुटू लागते, घाईने जास्त तेल ओतले, तर मात्र तवा नुसता चिकट होतो, हे मी करून पाहिले आहे.

तवा तयार झाल्यावर लक्षात आले की खरी अडचण भाज्यांच्या पाण्याची होती. टोमॅटो आणि कांदा मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, त्या पाण्यात अंडे भाजण्याऐवजी उकडते आणि घडी घालताना मधोमध फाटते. म्हणून आता टोमॅटोच्या बिया काढून टाकते, अर्धा कांदा, पाव ढोबळी मिरची आणि मूठभर पालक बारीक चिरून आधी मिनिटभर तव्यावर परतते, आणि मीठ, हळद व मिरपूड घालून फेटलेली अंडी त्यांवर ओतते. कडा सुटू लागल्या की गॅस बंद करून झाकण ठेवते. बीड उष्णता धरून ठेवत असल्यामुळे वरची बाजू तेवढ्यावर शिजते आणि उलटण्याची गरज उरत नाही. दोन अंड्यांतून साधारण 12 ग्रॅम प्रथिने मिळतात, सोबत एक पोळी घेतली की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

झटपट म्हणावे, तर चिरण्यासकट बारा मिनिटे लागतात. त्यातली तीन मंद आचेवर तवा तापण्यात जातात, पण तेवढ्यात भाजी चिरून होते, त्यामुळे ती मी वेगळी मोजत नाही. धुण्यासाठी गरम पाणी आणि काथ्या पुरतो; लगेच गॅसवर कोरडा करून तेलाचा एक थेंब पुसला की झाले. ज्यांना भांडी संध्याकाळपर्यंत सिंकमध्ये भिजत ठेवण्याची सवय आहे, त्यांनी हा तवा घेऊ नये.

वजनाची तक्रार मात्र कायम आहे. एका हाताने उचलून ऑम्लेट ताटलीत सरकवणे मला अजून जमत नाही, म्हणून ताटलीच तव्याला टेकवून कालथ्याने ओढून घेते. मूठही बिडाचीच असल्याने चटकन तापते. जुन्या टॉवेलची दुपदरी पट्टी शिवून तिच्यावर चढवली आहे आणि ती आतापर्यंत दोनदा जळली आहे.