क्लोनझिला: बंद पडलेला संगणक पुन्हा उभा करताना

मार्चअखेरीच्या धामधुमीत आमच्या कार्यालयातील हिशेबाच्या संगणकाची ५०० जीबीची हार्ड डिस्क बंद पडली, तेव्हा बाहेरच्या ड्राइव्हवर महिन्यापूर्वी क्लोनझिलाने घेतलेली इमेज, म्हणजे संपूर्ण डिस्कची साठवलेली प्रत, हाच आधार उरला होता. तैवानमध्ये विकसित झालेली ही मुक्त-स्रोत प्रणाली विनामूल्य असून पेनड्राइव्हवरून स्वतंत्रपणे सुरू होते. त्यामुळे विंडोज उघडत नसले तरी काम अडत नाही.

तिचे रूप मात्र जुन्या वळणाचे आहे. बाणांच्या कळा, स्पेसबार आणि एंटर यांवरच सारा कारभार चालतो. इमेज डिस्कवर परत उतरवण्याचा 'रिस्टोअरडिस्क' हा पर्याय निवडल्यावर 'एसडीए', 'एसडीबी' अशी रूक्ष नावे समोर येतात आणि त्यांपैकी नवी डिस्क कोणती हे शेजारच्या आकड्यावरून ओळखावे लागते. चुकीची निवडल्यास तीवरील सर्व माहिती पुसली जाते. लिहिण्याआधी प्रणाली दोनदा 'वाय' दाबायला लावते. मला ही खबरदारी कटकटीची नव्हे, दिलासा देणारी वाटली.

खरी मेख आकारात आहे. नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते, मग प्रत्यक्ष माहिती ६० जीबीच का असेना. दुकानदाराने पुढे केलेली ४८० जीबीची एसएसडी म्हणूनच परत करून १ टीबीची आणावी लागली. शिवाय इमेजमधून एखादीच फाइल सहजी काढता येत नाही. मधल्या महिन्याच्या नोंदी आम्ही छापील व्हाउचरांवरून पुन्हा भरल्या. त्याला तीन दिवस लागले.