मोबाईल स्टार्टर घ्यावा का? वापरून झाल्यावर लिहितेय

ज्यांच्या वावरात विहिरीवर मोटर आहे आणि लाईन रात्रीची येते त्यांच्यासाठी हे लिहितेय. मोबाईल स्टार्टर, आमच्याकडे कोणी मोबाईल ऑटो पण म्हणतात, म्हणजे मोटरच्या स्टार्टरशेजारी बसवायचा एक छोटा डबा, त्यात सिम कार्ड असतं, त्या सिमवर घरून फोन लावला की मोटर चालू करता येते आणि बंद पण. चण्याच्या सीझनला घेतला होता, आता कपाशीला पण वापरून झाला. मत आधीच सांगून टाकते, घ्या. पण साध्या फोनवर चालणारा घ्या, फक्त ॲपवर चालणारा घेऊ नका, कारण खाली सांगते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, विहीर गावापासून चांगलीच लांब. शेतीची थ्री फेज लाईन पाळीपाळीनं, काही दिवस दिवसा ८ तास, काही दिवस रात्री १० तास. मिस्टर नोकरीला बाहेरगावी, वावर मी आणि सासूबाई पाहतो. रात्रीची पाळी असली की ओलीत करायला जायचं कोणी? धुऱ्यानं बॅटरी घेऊन, रानडुकरं आहेत, साप आहेत, दवानं स्टार्टरची पेटी ओली झालेली असते आणि त्यात हात घालून बटण दाबायचं. एकटी बाई रात्री विहिरीवर जाणार नाही, गड्याला सांगितलं तर तो आला तर आला, म्हणजे रात्रीची लाईन आमच्यासाठी असून नसल्यासारखीच होती. चणा फुलावर यायच्या आधी पाणी पाहिजे म्हणजे पाहिजेच, तेव्हा हे फार जीवाला लागायचं.

आता काय करतो, संध्याकाळी उजेड असतानाच तुषारचे पाईप जोडून, नोझल पाहून घरी येतो. रात्री लाईन आली की डब्याचा मेसेज येतो, मग फोन लावायचा, डबा तो उचलतो आणि मराठीत बोलतो, चालू करायला १ दाबा वगैरे. सासूबाईंना वाचता येत नाही पण त्यांच्या कीपॅडच्या फोनवर ५ नंबरचं बटण दाबून धरलं की सरळ विहिरीला फोन लागतो असं सेट करून दिलं, आणि "मोटर चालू आहे" हे ऐकू आलं की त्या फोन ठेवतात. म्हणूनच म्हणते ॲपवाला नको, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चालवता आला पाहिजे, आणि आमच्याकडे नेट कधी असतं कधी नसतं, फोन मात्र बहुतेक वेळा लागतो. मी आशाताईंच्या मीटिंगला तालुक्याला गेले होते तेव्हा तिथून मोटर बंद केली, बाजूला बसलेल्या सगळ्याजणी पाहत होत्या.

टायमर नक्की लावा. तीन तास लावले की मोटर आपोआप बंद होते, झोप लागली तरी चालते. ७.५ एचपीपर्यंतच्या पंपाला २०२४ पासून बिल माफ आहे म्हणून लोक रात्रभर चालू ठेवतात पण फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसतो तेव्हा कळतं.

घेताना काय पाहायचं ते सांगते. पहिलं, करंट मोजणारा आहे का. ५ एचपीची मोटर भरल्या पाण्यात साधारण ७ ते ८ अँपिअर घेते, पाणी संपलं की करंट एकदम उतरतो आणि हा डबा मोटर बंद करून मेसेज टाकतो, नाहीतर कोरडी फिरून वाइंडिंग जळते आणि त्याचा खर्च तुम्हाला माहीतच आहे. एकदा मेसेज आला पाणी नाही म्हणून, अन विहीर तर भरलेली. सकाळी जाऊन पाहिलं तर केबलच कापून नेली होती चोरट्यांनी. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, कळलं तरी, नाहीतर आठवडाभर पाणी चालू हाये असंच समजलो असतो." तीनपैकी एक फेज गेल्याचा मेसेज पण आला पाहिजे, दोन फेजवर मोटर घुमते आणि जळते.

दुसरं, डबा ऑटोवर ठेवला, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप चालू, तर त्याला उशीर सेट करता येतो का ते विचारा. महावितरण साधा ऑटोस्विच नको म्हणतं ते खरं आहे, लाईन येताच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपीवर लोड येऊन ती जळते, मग दुसरी मिळेपर्यंत सगळ्या शेजाऱ्यांचं पीक वाळतं. आम्ही आमच्या डीपीवरच्या लोकांनी बोलून वेळ वाटून घेतली, कोणी पाच मिनिटं, कोणी दहा. आणि डीपीवरचा लोड कमी करायला मोटरला कपॅसिटर लावा भाऊ, हे कितीदा सांगितलं तरी कमीच.

तिसरं सिम. बरेच स्वस्त डबे २जी वर चालतात, त्यात जिओचं सिम चालतच नाही कारण जिओला २जी नाही. दुकानदाराला हे आधी विचारा. ज्या कंपनीची रेंज विहिरीवर येते तेच सिम घ्या, गावात टॉवर फुल आहे म्हणून वावरात असेलच असं नाही. नेटची गरज नाही, त्यामुळे फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे जे रिचार्ज २०२५ पासून निघाले तेच टाका. रिचार्ज संपलं की डबा मुका होतो, मेसेज येणं बंद, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो आम्ही.

आता खटकलेलं. लोखंडी पेटीत अँटेना ठेवला की रेंज जाते, आम्ही वायर बाहेर काढून बांबूवर बांधली तेव्हा कुठे फोन लागायला लागला. हे बसवणाऱ्यानं स्वतःहून सांगायला पाहिजे होतं. मुंग्या आणि पाली कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे स्टार्टरमधल्या मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये, शिरतात, पेटीची भोकं कापसानं नाही, सिलिकॉननं बुजवा. आणि मेमधल्या उन्हात पत्र्याची पेटी एवढी तापते की आतली बॅटरी लवकर जाते, मग लाईन गेल्याचा मेसेज येत नाही. वरून सावली करा.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. मोटरला, केबलला, पाईपच्या तळाच्या फुटव्हॉल्व्हला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडा आणि किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात ठेवा, कारण घरून कोणीही फोन लावला की मोटर सुरू होणार, तुम्ही विहिरीत उतरलेले आहात हे त्या डब्याला कळत नाही. नंबर फक्त दोघातिघांचेच टाका. आमच्या घरात ठरलेलं आहे, मोटर लावायच्या आधी वावरात कोण आहे त्याला फोन, तो हो म्हणाला की मगच.

कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानात तीन चार प्रकार असतात आणि आतलं काम जवळपास तेच. पक्कं बिल घ्या, वॉरंटी नुसत्या डब्याची आहे की आत सिम बसतं त्या सर्किटसकट सगळ्याची ते बिलावर लिहून घ्या, आणि बसवायला तोच इलेक्ट्रिशियन बोलवा जो तुमची मोटर रिपेर करतो. दिवसाच्या सौर पंपावर असाल तर हे घ्यायची गरज नाही.