दारूखान्यात शिडाची यॉट रिफिटला टाकावी का? माझ्याकडून साडेतीन स्टार

मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यात, जिथे ट्रॉलर-बार्जची कामं होतात, शिडाची यॉट रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, टाकावी का असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. क्रेन आणि लोखंडकाम यांना पाच स्टार, फायबर आणि रंगकामाला दोन. यार्डचं नाव घेत नाही, सगळी स्टीलवाली यार्डं थोड्याफार फरकानं अशीच असतात.

आमची बोट ४५ फुटी, फायबरची, चौघांत मिळून घेतलेली, एरवी गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातल्या बोयाला बांधलेली) असते. पावसाळ्यात तिला तिथे ठेवायचा प्रश्नच नाही, म्हणून मे महिन्यात बाहेर काढायचीच होती. लोक म्हणतात गोव्याला न्या, नेव्हीच्या म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या बोटी दोन्ही तिकडेच दिवाडीला बांधल्यात ना! ते खरंय हो, पण सव्वादोनशेच्या आसपास सागरी मैल बोट न्यायची आणि मग कामावर नजर ठेवायला दर शनिवारी गोवा गाठायचा, हे नोकरीवाल्या माणसाला कसं जमायचं. रे रोडला ऑफिसनंतर उतरता येतं.

बोट उचलतानाचं काम बघत राहावं असं होतं. ट्रॉलर आणि बार्ज ओहोटीला चिखलात आरामात बसतात, आमची कील (तळाखालची जड पाती) दोन मीटरच्या वर खाली जाते, चिखलात टेकली की बोट आडवीच. त्यामुळे उधाणाची भरती साधून आत शिरायचं आणि पाणी आहे तोवर क्रेनच्या पट्ट्यात घ्यायचं, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत तेवढं पाणी मिळतच नाही. क्रेनवाल्यानं बोटीचं ड्रॉइंग मागून घेतलं, सुकाणू आणि सेलड्राइव्हचा पाय (इंजिनापासून तळातून पाण्यात उतरणारा, पंखा धरणारा भाग) दोन्ही वाचवून पट्टे लावले, एक ओरखडा नाही. मानलं त्याला.

दुसरं कौतुक वेल्डिंगच्या पोरांचं. डोलकाठीच्या तारा ज्या चेनप्लेटला धरतात ती पट्टी डेकमधून खाली जाते, आणि स्टेनलेसला जिथे हवा लागत नाही आणि ओल धरून राहते नेमकं तिथेच ते आतून कुरतडलं जातं, वरून बघाल तर चकाचक. आम्ही सगळ्या चेनप्लेट काढून दिल्या, तर त्यांनी जोड तपासायचा लाल डाय मारून डीपी टेस्ट करून दाखवली, दोन पट्ट्यांवर केसासारख्या रेघा उमटल्या. हे काम त्यांच्या रोजच्या हातातलं. नव्या पट्ट्या ३१६ मध्येच (खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टेनलेस) हव्यात एवढं सांगून ठेवा, नाहीतर ३०४ लावून मोकळे होतील.

आता रडगाणं. शेजारी बार्जचं ग्राइंडिंग चालू होतं, त्याचा लोखंडी भुसा उडून आमच्या पांढऱ्या डेकवर बसला आणि पहिल्या दमट सकाळी सगळीकडे पानाची पिंक उडाल्यासारखे गंजाचे ठिपके. ताडपत्री घाला म्हणून आधी सांगितलेलं, ‘हो हो’ म्हणाले होते. ऑक्झॅलिक ॲसिडनं निघतात, पण मजुरी आमच्याच बिलात लागली, त्यावर बराच वाद झाला.

त्याहून भयंकर म्हणजे रंगवाले मेस्त्री तांब्याचा अँटिफाउलिंग (तळाला कालवं-शेवाळ धरू नये म्हणून मारायचा रंग) घेऊन थेट सेलड्राइव्हच्या पायाला लावायला निघाले. तो पाय ॲल्युमिनियमचा, खाऱ्या पाण्यात तांब्याशी गाठ पडली की तोच झिजत जातो. मी थांबवलं तर म्हणतात, ‘साहेब, ट्रॉलरला हाच मारतो, वर्षभर कालवं धरत नाहीत.’ ट्रॉलरचा तळ लाकडाचा नाहीतर स्टीलचा आणि पंखा वेगळा, हे पटवण्यात अर्धा दिवस गेला, शेवटी ॲल्युमिनियमला चालणारा डबा मीच आणून दिला.

आणि फायबरला पाणी मुरून फोड आले असतील तर ते पावसाळ्यात काढूच नका. हल (बोटीचं बाहेरचं अंग) आधी सुकायला लागतो, मॉइश्चर मीटर खाली आल्याशिवाय इपॉक्सी मारलं तर ओल आत कोंडली जाते, आणि मुंबईच्या जुलैत मीटर कुठला खाली येतोय! शिवाय दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो, तो पाण्यानं धुतल्याशिवाय पुढचा कोट धरत नाही, इथे नुसतं फडक्यानं पुसून पुढे जातात. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करायचं, म्हणजे सेलिंगचा ऐन सीझन घालवायचा, त्याला इलाज नाही. आमचे फोड तूर्त तसेच ठेवलेत.

दारूखान्याच्या दुकानांबद्दल : शॅकल, साखळ्या, नांगर, पंप यांची ऐश आहे, घासाघीस येत असेल तर अजूनच. पण डोलकाठीची तार तिथे घेऊ नका. मिळतो तो बहुतेक क्रेनचा लवचिक वायररोप, तो ताणला जातो, आपल्याला एक बाय एकोणीसची (एकोणीस जाड तारांचा एकच पीळ) कडक स्टेनलेस तार लागते, ती मागवावी लागते आणि यायला वेळ लागतो, म्हणून बोट वर काढायच्या आधीच ऑर्डर टाका. सेलड्राइव्हच्या रबरी सीलचंही तेच, व्होल्वो पेंटाचं असेल तर ७ वर्षांनी बदलायला सांगतात आणि ते बोट पाण्यात असताना होत नाही.

कोटेशन घेताना क्रेनचं भाडं धरलंय का ते नक्की विचारा. डोलकाठी उतरवायला एकदा आणि चढवायला एकदा अशी दोनदा क्रेन लागते, आमच्या कोटेशनमध्ये एकदाच होती.