विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा : आयपीव्ही६च्या कसोटीवर
आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवरील संगणकांना पत्ते देण्याची नवी पद्धत; तिचे तपशील डिसेंबर १९९५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरीही ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपी या संगणकप्रणालीत ही सोय सुरुवातीला बंद असे आणि वापरणाऱ्याला ती आज्ञा टाइप करून स्वतः बसवावी लागे. बसवल्यानंतरही नावावरून पत्ता शोधणारी डीएनएसची विचारणा आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीनेच जात असल्यामुळे, केवळ नवे पत्ते असलेल्या जाळ्यात एक्सपीचा संगणक संकेतस्थळापर्यंत सहज पोहोचू शकत नसे. माझ्या दृष्टीने हीच एक्सपीची सर्वांत मोठी उणीव होती. त्या काळी इंटरनेट सेवादातेही तयार नव्हते हे मान्य. पण घरोघरीचे संगणक बदलायला वर्षे लागतात, म्हणून प्रणालीनेच आधी सज्ज व्हायला हवे, अन्यथा तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ येते.

जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टा या विंडोजच्या पुढच्या आवृत्तीत दोन्ही पद्धती प्रथमपासून एकत्र चालू होत्या. फेब्रुवारी २०११ मध्ये आयपीव्ही४च्या मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे पत्ते वाटले गेले, हे पाहता व्हिस्टाचा निर्णय अगदी वेळेवर होता. या एका निकषावर एक्सपीला पाचपैकी दोन, तर व्हिस्टाला चार गुण मी देईन.