विमा कंपनीचं पोर्टल ‘अप्रूव्ह्ड’ म्हणतं, पण नेमकं कशाला?

अमेरिकेतल्या आरोग्य विम्यात स्पेशालिस्टच्या तपासण्यांसाठी प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे कंपनीची आगाऊ मंजुरी, बऱ्याचदा लागते. अर्ज डॉक्टरांचं ऑफिस करतं, सभासदाला त्याचं पुढे काय झालं ते पोर्टलवर दिसतं. तेवढ्यापुरती ही सोय चांगली आहे: पाचपैकी चार तारे. पण मंजुरी कशाला मिळाली हे सांगण्यात बहुतेक पोर्टल कच्ची, तिथे दोनच.

हिरवी खूण पाहून थांबू नका, मंजुरीचं पत्र डाउनलोड करा. त्यात ऑथरायझेशन नंबर, डॉक्टर आणि सेंटर दोघांचे एनपीआय (ओळख) क्रमांक, सीपीटी कोड (नेमकी कोणती तपासणी किंवा उपचार ते सांगणारा आकडा), किती भेटी आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं असायला हवं. घोळ इथेच होतो. कमरेच्या एमआरआयला कॉन्ट्रास्टशिवायचा (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध न देता) कोड ७२१४८ मंजूर असतो, आणि ऐन वेळी कॉन्ट्रास्टही द्यायचं ठरलं की बिल ७२१५८ वर जातं. कोड जुळत नाही, क्लेम अडकतो. त्यामुळे बदल करायचा तर तपासणीआधीच ऑफिसने कंपनीला कळवून मंजुरी दुरुस्त करून घ्यावी. डॉक्टर नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार केलेल्यांच्या यादीत, असले तरी इमेजिंग सेंटर असेलच असं नाही. तेही वेगळं विचारावं.

रेफरल (स्पेशालिस्टकडे पाठवणारी चिठ्ठी) आणि ऑथरायझेशन एक नव्हे. एचएमओमध्ये (ठरलेल्या नेटवर्कपुरता प्लॅन) साधारणपणे प्रायमरी, म्हणजे नेहमीच्या, डॉक्टरांचं रेफरल लागतं, पण ते मिळालं म्हणून मंजुरी मिळाली असं होत नाही. पीपीओमध्ये (स्पेशालिस्टकडे थेट जाता येणारा प्लॅन) नुसत्या भेटीला सहसा काही लागत नाही. स्पेशालिस्टने लिहून दिलेला स्कॅन किंवा इन्फ्युजन (शिरेतून देण्याचं औषध) मात्र मंजुरीसाठी अडतं.

नकार पुष्कळदा आजारामुळे नाही, कागदांमुळे येतो. कंबरदुखीच्या एमआरआयआधी कंपन्या सहसा सहा आठवड्यांच्या फिजिओथेरपी-औषधांची नोंद मागतात. पायात वाढता अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं अशी लक्षणं असतील तर सहा आठवडे थांबायचं कारण नाही, पण ती डॉक्टरांच्या नोट्समध्ये स्पष्ट लिहिलेली हवीत. नकार आला की आधी ऑफिसला ‘पीअर-टू-पीअर’ मागायला सांगा: तुमचे डॉक्टर कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलतात. अपिलापेक्षा हा रस्ता बऱ्याचदा जवळचा.

नोकरीतून मिळालेल्या विम्यात साध्या अर्जाचं उत्तर १५ दिवसांत (कारण देऊन कंपनी आणखी १५ घेऊ शकते), तातडीच्या अर्जाचं ७२ तासांत. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजला (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे खासगी कंपन्यांनी चालवलेले प्लॅन) जानेवारी २०२६ पासून साध्या अर्जासाठी सात दिवसांची मुदत आहे. बहुतेक खासगी प्लॅनमध्ये अंतर्गत अपिलाला नकारापासून १८० दिवस मिळतात. तिथेही नाही म्हणाले तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तटस्थ परीक्षणाची मागणी करता येते, आणि वैद्यकीय कारणाने दिलेल्या नकारावर तो निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. लोक इथपर्यंत जातच नाहीत, हे कंपन्यांच्या पथ्यावर पडतं.

फोन हेल्पलाइन? तपशिलासाठी पोर्टलपेक्षा बरी, फक्त कॉलचा रेफरन्स नंबर आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. इमर्जन्सी रूमला मात्र मंजुरी लागत नाही, तिथे फोन करत बसू नका. आणि पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात ‘ही पैसे देण्याची हमी नव्हे’ असं लिहिलेलं असतं, ते खरंच आहे: डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम) बाकी असेल तर मंजुरी असूनही बिल तुमच्याच नावावर येतं.